खेळण्यातील जुनी इंजिने आणि त्यांचे सुटे भाग

लिव्हरपूल शहरातील बिन्स रोडवरचा मेकॅनो कंपनीचा कारखाना १९७९ च्या नोव्हेंबर महिन्यात बंद झाला. १९१४ पासून तेथे खेळणी तयार होत होती. भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, नट आणि बोल्ट यांपासून मुलांनी स्वतःच्या हातांनी पूल व याऱ्या उभाराव्यात म्हणून निघालेला मेकॅनोचा संच, हॉर्नबी या नावाच्या आगगाड्या, डिंकी या नावाच्या चिमुकल्या मोटारी, हे सारे त्या एका आवारातून जगभर गेले. आगगाड्या बनविण्याचे काम तेथे काही वर्षे आधीच थांबले होते. तरीही कारखान्याला टाळे लागले त्या दिवशी एक गोष्ट कायमची संपली. अमुक इंजिनाचे मागचे चाक पाठवावे, असे पत्र ज्या पत्त्यावर टाकता येईल तो मूळ पत्ता उरला नाही. इंजिने मात्र उरली. ती आजही माळ्यांवर, कपाटांत आणि संग्राहकांच्या टेबलांवर आहेत, आणि त्यांपैकी कित्येक चालतातही. या चालत्या इंजिनांना लागणारे भाग येतात कोठून, ते खरे कोणते आणि खोटे कोणते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

खेळणे मोडले तर दुसरे आणावे, त्याची एवढी चिकित्सा कशासाठी, असा प्रश्न येथे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ज्याने ही खेळणी काढली त्याचाच विचार निराळा होता. फ्रँक हॉर्नबी याचा जन्म लिव्हरपूल येथे १८६३ साली झाला. तो एका व्यापाऱ्याच्या पेढीत नोकरीस होता. आपल्या मुलांसाठी त्याने धातूच्या पट्ट्या कापून त्यांना समान अंतरावर भोके पाडली, म्हणजे एकच पट्टी आज पुलात आणि उद्या यारीत वापरता यावी. या कल्पनेचे पेटंट त्याने १९०१ साली घेतले आणि १९०७ साली मेकॅनो हे नाव रूढ केले. १९२० साली त्याची पहिली आगगाडी बाजारात आली तीही याच तत्त्वावर. ते चावीचे इंजिन नट-बोल्टांनी जोडलेले होते. मुलाने ते खोलावे, पुन्हा जोडावे, आणि एखादा भाग हरवला किंवा मोडला तर तेवढाच नवा विकत घ्यावा, अशी योजना होती. म्हणजे सुट्या भागाची कल्पना या गाडीला नंतर चिकटलेली नाही. ती तिच्या जन्मातच होती.

पुढे मात्र स्वस्ताईने या योजनेवर मात केली. पत्र्याच्या कडेला लहान जिभल्या ठेवायच्या, त्या समोरच्या पत्र्यातील खाचेत घालून दुमडायच्या, की डबा तयार. बोल्ट नको, वेळ नको. परंतु दुमडलेली जिभली उलगडून पुन्हा दुमडली की ती कमकुवत होते, आणि तिसऱ्या वेळी बहुधा हातात येते. बोल्टाचे इंजिन दुरुस्तीला आमंत्रण देते, तर जिभल्यांचे इंजिन दुरुस्त करणाऱ्याला दर वेळी थोडी किंमत मोजायला लावते. जुने इंजिन उघडण्यापूर्वी ते कोणत्या पद्धतीने बांधले आहे हे पाहावे लागते, ते यासाठीच.

या व्याख्यानात मुख्यतः ज्या इंजिनांचा विचार करावयाचा आहे ती थोडी नंतरची आहेत. १९३८ साली मेकॅनो कंपनीने हॉर्नबी डब्लो या नावाने लहान मापाची गाडी काढली. तिच्या रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर, आणि प्रमाण खऱ्या गाडीच्या एका फुटाला ४ मिलिमीटर. युरोप खंडात त्याच रुळांवर फुटाला साडेतीन मिलिमीटर हे प्रमाण रूढ झाले. इंग्रजी इंजिने खऱ्या आयुष्यातच अंगाने लहान. तत्कालीन विजेची मोटर त्यांच्या पोटात मावेना, म्हणून देह थोडा वाढविला आणि रूळ तेवढेच ठेवले, असे हे त्रांगडे आहे. भाग शोधणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ इतकाच की, जर्मन इंजिनाची चाके इंग्रजी गाडीच्या रुळांवर बसतील, पण इंजिनाखाली शोभतीलच असे नाही.

युद्धामुळे डब्लोचे उत्पादन थांबले आणि १९४७ साली पुन्हा सुरू झाले. १९६४ साली मेकॅनो कंपनी ट्राय-अँग हे बोधनाम वापरणाऱ्या लाइन्स ब्रदर्स या प्रतिस्पर्धी समूहाने ताब्यात घेतली आणि डब्लो बंद पडली. तिचे अनेक साचे रेन या कंपनीकडे गेले व १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत तेथून त्यांची इंजिने निघत राहिली. १९७१ साली लाइन्स ब्रदर्सही कोसळली. तिच्या रेल्वे विभागाने १९७२ पासून हॉर्नबी रेल्वेज हे नाव धारण केले. ही वंशावळ कंटाळवाणी वाटेल, परंतु सुटा भाग शोधणाऱ्याला ती पाठ असावी लागते. हॉर्नबी हे एकच नाव तीन निरनिराळ्या घराण्यांच्या इंजिनांवर आढळते: १९२० पासूनच्या मोठ्या पत्र्याच्या गाड्या, १९३८ पासूनची डब्लो आणि मूळची ट्राय-अँग असलेली नंतरची हॉर्नबी. यांचे भाग एकमेकांना लागत नाहीत. उलट रेन हे परके नाव असलेल्या इंजिनाचे कित्येक भाग दोन रुळांच्या डब्लोला चपखल बसतात. पेटीवरचे नाव वाचून भाग मागविणारा माणूस म्हणूनच वारंवार फसतो.

आता इंजिन टेबलावर घेऊ. ते चालत नाही. पहिला प्रश्न कोणता भाग मिळवावा हा नसून, भाग खरोखर हवा आहे काय, हा आहे. वीस-तीस वर्षे पडून राहिलेल्या इंजिनातील वंगण घट्ट होऊन डिंकासारखे होते; आस त्यात रुतून बसतात. मोटरमधील कार्बनच्या कांड्यांची झीज होऊन तिची काळी भुकटी कॉम्युटेटरच्या फटींत साचते व वीज भलत्या वाटेने जाऊ लागते. जुने वंगण योग्य द्रवाने धुऊन काढले, लाकडाच्या टोकदार काडीने त्या फटी साफ केल्या आणि प्रत्येक आसाला तेलाचा एकेक थेंब दिला, तर मृत म्हणून विकले जाणारे इंजिन पुष्कळदा पाच मिनिटांत फिरू लागते. बाजारात सुट्या भागांना जी मागणी आहे तिच्यातला बराचसा हिस्सा केवळ अस्वच्छतेने निर्माण केला आहे, असे म्हटले तर ते फारसे वावगे होणार नाही.

स्वच्छ करूनही इंजिन चालले नाही, तर मग मोटरचा विचार करावा लागतो. या मोटरची रचना सोपी आहे: एक कायम चुंबक, त्याच्या टोकांमध्ये फिरणारे तीन ध्रुवांचे आर्मेचर, कॉम्युटेटर आणि त्यावर टेकणाऱ्या दोन कार्बनच्या कांड्या. कांड्या आणि त्यांच्या स्प्रिंगा झिजणाऱ्याच वस्तू. त्या आजही नव्या मिळतात. आर्मेचरची तार जळाली तर ती पुन्हा गुंडाळता येते. आपल्याकडे लहानशा गावातही पंख्याची मोटर गुंडाळून देणारा कारागीर आढळतो. येथे काम तेच, फक्त तार केसासारखी बारीक आणि जागा बोटाच्या पेरापेक्षा लहान. चुंबकाचे प्रकरण जरा अधिक सूक्ष्म आहे. जुन्या मिश्रधातूंचे चुंबक वयाने क्षीण होतात, आणि आर्मेचर बाहेर काढताना चुंबकाच्या दोन टोकांवर लोखंडाचा तुकडा आडवा ठेवला नाही तर ते आणखी झपाट्याने शक्ती गमावतात. अनेक हौशी लोक साफसफाईच्या उत्साहात मोटर पूर्ण उघडतात आणि आधीपेक्षा दुबळी करून बंद करतात. क्षीण चुंबकाचे इंजिन जास्त प्रवाह घेते, लवकर तापते आणि तरीही त्याची ओढ कमी पडते. उपाय दोन: जुना चुंबक यंत्रावर पुन्हा भारित करून घेणे, किंवा १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात शोध लागलेल्या नियोडिमियमच्या चुंबकाचा लहान तुकडा त्याच्या जागी बसविणे. दुसरा उपाय स्वस्त आहे, परंतु हा नवा चुंबक वाजवीपेक्षा प्रबळ असला तर आर्मेचर जागच्या जागी अडखळत फिरते आणि इंजिन संथ चालीने जाईनासे होते. शिवाय तो बसविला की मोटरचे जुने रूप गेले. पुन्हा भारित करून देणारा माणूस हाताशी असेल तर पहिला मार्ग निःसंशय श्रेयस्कर होय.

क्षुल्लक भाग किती महत्त्वाचा असू शकतो याचे उदाहरण ट्राय-अँगच्या एक्स. ०४ या मोटरमध्ये सापडते. ही मोटर अतिशय टिकाऊ. तिचे भाग अजूनही सहज मिळतात. तिच्या दोन्ही कार्बन कांड्यांना दाबून धरणारी स्प्रिंग एकच असून तिला दोन लांब पाय आहेत. त्यांपैकी एका पायावर विद्युत्‌रोधक नळीचा एक लहानसा तुकडा चढविलेला असतो. तो नसेल तर दोन्ही कांड्या त्या स्प्रिंगेतूनच एकमेकींस जोडल्या जातात आणि मोटर न फिरता वीज सरळ वाहून जाते. जुन्या इंजिनातून ही नळी गळून पडलेली असते. नवा मालक स्प्रिंग पाहतो, कांड्या पाहतो, सारे जागच्या जागी आहे असे त्याला वाटते, आणि तो नवी मोटर मागवितो. हरवलेला भाग ओळखायचा तर तेथे काय असायला हवे होते हे आधी ठाऊक असावे लागते. उत्पादकांनी विक्रेत्यांसाठी काढलेली दुरुस्तीची पत्रके, ज्यांत इंजिनाचे सर्व भाग सुटे करून क्रमांकांसह चित्रित केलेले असत, ती आज काही भागांइतकीच मोलाची झाली आहेत ती यामुळे.

स्क्रूची गोष्टही अशीच. मेकॅनोचे बोल्ट एक बत्तिसांश इंचाच्या पाचपट जाडीचे, व्हिटवर्थ आट्यांचे. लहान इंग्रजी इंजिनांत मात्र बहुधा ब्रिटिश असोसिएशनने १८८४ साली पुरस्कारलेले आटे असतात. या मालिकेची रचना मोठी लक्षणीय आहे: शून्य क्रमांकाच्या स्क्रूच्या दोन आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर, आणि पुढच्या प्रत्येक क्रमांकाला ते आधीच्या नऊ दशांश. सहा क्रमांकाचा स्क्रू २.८ मिलिमीटर जाड, आठ क्रमांकाचा २.२. आट्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंश. आजच्या मेट्रिक स्क्रूचा साठ. दिसायला जवळजवळ सारखा असलेला ३ मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू सहा क्रमांकाच्या भोकात एक-दोन फेरे जातो, मग घट्ट होतो. तेथे जोर लावला की मऊ जस्ताच्या ओतीव देहातील आटे कायमचे कापले जातात. दोन पैशांच्या स्क्रूपायी इंजिनाचा मुख्य सांगाडा निकामी होतो. आसांच्या बाबतीतही हाच धोका: ज्या भोकात एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे ३.१७५ मिलिमीटरचा आस होता, त्यात ३ मिलिमीटरचा आस सैल बसतो आणि डुगडुगतो. या कामात व्हर्नियर कॅलिपरशिवाय पाऊल टाकू नये.

चाके ही तर स्वतंत्र विद्याच आहे. वाफेच्या इंजिनाची दोन्ही बाजूंची चाके जोडदांड्यांनी बांधलेली असतात आणि एका बाजूची खुंटी दुसऱ्या बाजूच्या खुंटीच्या नव्वद अंश पुढे असते. नवे चाक आसावर दाबून बसविताना हा कोन थोडा चुकला तरी दांडे अडकतात व इंजिन लंगडत चालते. जुन्या चाकांच्या कडा उंच असत, कारण मुलांनी जमिनीवर मांडलेल्या ओबडधोबड रुळांवरून ती घसरू नयेत अशी अपेक्षा होती. आज विकत मिळणारी बारीक कडांची चाके त्या जुन्या इंजिनाला लावली तर ते जुन्या सांध्यांच्या रुंद फटींत पडते. आणि जुनी चाके आजच्या कमी उंचीच्या रुळांवर आणली तर त्यांच्या कडा रुळाच्या बैठकीवर आपटतात. यात आणखी एक सापळा आहे. डब्लो आरंभी तीन रुळांवर चाले. मधल्या रुळातून वीज येई आणि धातूच्या चाकांतून बाहेरच्या रुळांवाटे परत जाई. १९५९ पासून दोन रुळांची पद्धत आली, तेव्हा एका बाजूची चाके दुसऱ्या बाजूपासून विद्युत्‌रोधक करावी लागली. तीन रुळांच्या इंजिनाचे चाक हुबेहूब सारखे दिसते म्हणून दोन रुळांच्या इंजिनाला लावले, तर रुळांवर ठेवताक्षणीच वीज थेट एका रुळातून दुसऱ्यात जाते.

येथवर जे सांगितले ते झिजेविषयी आणि हरवण्याविषयी. परंतु या इंजिनांना एक आजारही आहे, आणि त्याला औषध नाही.

१९२० आणि १९३० च्या दशकांत खेळण्यांचे देह व चाके जस्ताच्या मिश्रधातूत ओतली जाऊ लागली. पोलादी साच्यात वितळलेला धातू दाबाने भरायचा, की क्षणात तयार वस्तू बाहेर; खिडक्या, रिव्हेट, दिवे, सारे तपशील त्यात उमटलेले. मिश्रण मुख्यतः जस्त, शेकडा चारच्या आसपास ॲल्युमिनियम, थोडे मॅग्नेशियम आणि तांबे. अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ साली सिद्ध केलेल्या अशा मिश्रधातूंना झामाक हे नाव या चार धातूंच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून मिळाले. इंग्लंडमध्ये त्याचेच माझाक झाले. धातू उत्तम होता, मात्र एका अटीवर: जस्त अत्यंत शुद्ध हवे. त्यात शिसे, कथील किंवा कॅडमियम यांचा लाखात केवळ काही भागांपेक्षा जास्त अंश आला, तर ते थंड होताना धातूच्या कणांच्या सीमारेषांवर जाऊन बसतात. मग हवेतील ओलावा त्या सीमांवाटे आत शिरतो आणि कण एकमेकांपासून सुटू लागतात. आरंभी वस्तूच्या अंगावर केसासारखी रेघ दिसते. नंतर ती फुगते, वाकते, लांब होते. शेवटी बोटांच्या चिमटीत तिचा चुरा होतो.

अशा चाकाकडे पाहिले तर ते वरून धडधाकट दिसू शकते, पण त्याचा व्यास वाढलेला असतो आणि ते शेजारच्या चाकाला घासते. सांगाडा फुगला की आसांची भोके एका रेषेत राहत नाहीत. मोटर नवी घातली तरी चाके फिरत नाहीत. युद्धपूर्व डब्लोच्या इंजिनांत व डब्यांच्या तळांत, १९३० च्या दशकातील मोठ्या हॉर्नबी गाड्यांच्या चाकांत, त्याच कारखान्यातील डिंकी मोटारींत, तसेच जर्मन व अमेरिकन गाड्यांतही हा विकार आढळतो. सर्वच नमुन्यांना तो होत नाही. त्याच वर्षीची, त्याच साच्यातली दोन इंजिने; एक आजही निर्दोष, दुसरे भुकटी. वितळलेल्या धातूच्या त्या एका भांड्यात त्या दिवशी काय पडले यावर सारे अवलंबून. हा रोग एका इंजिनातून दुसऱ्यात पसरतो असा समज संग्राहकांत आहे, तो निराधार होय. दोष जन्माचा आहे, संसर्गाचा नाही. ओलावा आणि तापमानातील मोठे चढउतार टाळले तर त्याची गती मंदावते, एवढेच काय ते आपल्या हाती.

प्लॅस्टिकही या बाबतीत निर्दोष नाही. ट्राय-अँगच्या आरंभीच्या इंजिनांचे देह सेल्युलोज ॲसिटेटचे होते. ते वर्षांनुवर्षे आकसतात आणि केळ्यासारखे वाकतात. तापवून सरळ करण्याचे प्रयोग लोक करतात. त्यांचा शेवट बहुधा दुसरा देह शोधण्यात होतो.

तो दुसरा देह किंवा ते दुसरे चाक मिळण्याचे मार्ग मोजके आहेत. कारखाने बंद होताना उरलेला माल काही व्यापाऱ्यांनी विकत घेतला होता. तो मूळ पाकिटांत अधूनमधून निघतो आणि झपाट्याने संपत चालला आहे. दुसरा मार्ग म्हणजे मोडके इंजिन विकत घेऊन त्याचे भाग काढणे. लिलावांत अशा मोडक्या इंजिनांचे ढीग एकत्र विकले जातात आणि जाणकार माणूस त्यांतून दोन-तीन चालती इंजिने उभी करतो. यात गैर काही नाही. गैर आहे ते पुढचे: सुट्या भागांची एकूण किंमत अखंड इंजिनापेक्षा जास्त येते असे दिसताच काही व्यापारी चांगली इंजिनेही सोडवून तुकड्यांनी विकतात. याहून वाईट परिणाम असा की, निरनिराळ्या वर्षांचे भाग एकत्र येऊन असे इंजिन तयार होते जे कारखान्यातून कधी निघालेच नव्हते. उत्पादकांनी वर्षागणिक केलेले बदल, चाकाच्या आऱ्यांची संख्या, चुंबकाचा आकार, जोडणीचा आकडा, यांवरून या उद्योगाचा इतिहास लिहिला जातो. हॉर्नबीच्या संग्राहकांची संघटना इंग्लंडमध्ये १९६९ पासून आहे आणि असा अभ्यास मुख्यतः अशा हौशी मंडळींनीच केला आहे, विद्यापीठांनी नव्हे. बेमालूम जुळविलेले इंजिन म्हणजे त्या इतिहासात घुसडलेला खोटा कागद.

तिसरा मार्ग नव्याने बनविलेल्या भागांचा. यात अमेरिकेची स्थिती सर्वांत बरी आहे. न्यू यॉर्कमध्ये १९०० साली स्थापन झालेल्या लायोनेल कंपनीच्या गाड्या इतक्या प्रचंड संख्येने विकल्या गेल्या, आणि त्यांतील रचना इतकी वर्षे तीच राहिली, की एकेका भागाचा नवा साचा करणेही परवडते. जर्मनीत गोपिंगेन येथील मेर्क्लिन ही १८५९ साली स्थापन झालेली कंपनी अद्याप चालू असून कार्बन कांड्या, चाकांवरच्या रबरी धावा असे झिजणारे भाग क्रमांक सांगून मागविता येतात. इंग्रजी इंजिनांचे ओझे मात्र लहान घरगुती कारखान्यांवर आहे. एखादा निवृत्त यंत्रकार घराच्या मागच्या खोलीत रबराच्या साच्यात पांढरा धातू ओतून चिमण्या, घुमट, पायऱ्या बनवितो. दुसरा पितळेची दातेरी चाके कापतो. हे लोक गेले की त्यांचे साचे कित्येकदा भंगारात जातात, आणि जो भाग दोनदा मेला तो तिसऱ्यांदा जन्माला घालण्यास कोणी उरत नाही.

नव्या भागाचीही एक खोड आहे. मूळ वस्तूवरून थेट साचा घेऊन ओतलेली नक्कल मूळापेक्षा किंचित लहान होते, कारण धातू थंड होताना आकसतो. त्या नकलेवरून दुसरी नक्कल काढली तर ती आणखी लहान. चांगला कारागीर म्हणून आधी मापाने थोडा मोठा नमुना घडवितो. अलीकडे संगणकावर आकृती काढून राळेच्या थरांतून भाग छापता येतात आणि तोच छापील नमुना जाळून त्याच्या पोकळीत पितळ ओतता येते. यामुळे एक-दोनच भाग हवे असले तरी ते बनविणे शक्य झाले आहे.

भारतीय श्रोत्यांना यातील काही गोष्टी खऱ्या रेल्वेवरून ओळखीच्या वाटतील. दार्जिलिंगच्या डोंगरी रेल्वेची बी वर्गाची वाफेची इंजिने १८८९ पासूनची. ती प्रथम घडविणारी शार्प स्टुअर्ट कंपनी १९०३ साली दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि ती दुसरीही १९६२ साली मोडीत निघाली. तिनधारियाच्या कर्मशाळेत त्या इंजिनांची देखभाल चालत आली ती भाग तेथेच घडवून. तेथे बदललेल्या भागामुळे इंजिन खोटे ठरत नाही, कारण ते धावण्यासाठीच आहे. खेळण्याच्या इंजिनाला हाच न्याय का लावू नये? लावावा; फक्त बदल लपवू नये. तडकलेली चाके अवश्य काढावीत, कारण ती चालताना फुटली तर सांगाड्याचेही नुकसान करतात. उलट मूळ रंग कितीही उडालेला असो, तो खरवडून नवा देण्याची घाई करू नये. रंग पुन्हा मिळत नाही. काढलेला भाग टाकून न देता कागदी पाकिटात घालावा, काय काढले, काय बसविले आणि केव्हा, एवढे त्यावर लिहावे, व ते पाकीट इंजिनाबरोबर पुढच्या मालकाकडे जावे. नवा भाग बनविणाऱ्याने त्याच्या आतल्या अंगावर एखादी खूण कोरावी. विकताना मात्र ही पाकिटे हमखास हरवतात, कारण त्यांमुळे किंमत उतरते.

आता एकच निकडीची बाब उरते. छापून किंवा ओतून भाग बनवायचा तर मूळ भागाची मापे हवीत, आणि फुगलेल्या जस्ताच्या चाकावर घेतलेले माप हे फुगलेले माप असते. युद्धपूर्व डब्लोचे काही भाग असे आहेत की त्यांचे निर्दोष नमुने थोडेच उरले आहेत आणि त्यांतीलही कोणते पुढील दहा वर्षांत तडकतील हे कोणी सांगू शकत नाही. जे नमुने आज धड आहेत त्यांची मापे आजच घ्यावी लागतील: चाकाचा व्यास, कडेची उंची, आसाच्या भोकाची रुंदी, दोन आसांमधील अंतर, प्रत्येक माप एकाहून अधिक नमुन्यांवर, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत, आणि शेजारी त्या नमुन्याचे वर्ष. ज्या संग्राहकांकडे असे नमुने आहेत ते सहसा इंजिन पेटीतून काढण्यास राजी नसतात.